याग विल श्योपा

धुळ्यात मे महिन्यात ज्याच्या डोळ्यांसमोर बर्फ पडतो, त्याला कचेरीत कोणी जोखमीचं काम देत नाही. मला दिलं नाही यात साहेबांची काही चूक नव्हती. भूमापन कचेरीत जुने नकाशे जपायच्या खोलीत माझं टेबल होतं. दुपारी वीज जाऊन पंखा थांबला की तिकडे लळिंगच्या किल्ल्यावर बर्फ साचायला लागायचा. मग तो हळूहळू खाली उतरायचा, पांझरेच्या कोरड्या वाळूवर पसरायचा, काठावरची गाढवं पांढरी व्हायची आणि शेवटी माझ्यासमोरच्या साक्री तालुक्याच्या नकाशावर एक थेंब पडायचा. तो घामाचा असायचा. साहेब म्हणायचे, सुकदेवराव, नकाशा सरकारी आहे.

या सगळ्याला कारण एक शब्द. शब्द आपल्याकडचा नव्हे, स्वीडन देशातला, आणि अर्थ अगदी साधा: विकत घेणे. जे काम माणूस सकाळी कोथिंबिरीच्या जुडीपासून सुरू करतो, त्याचा परदेशी शब्द शिकायला मला तीन आठवडे लागले. तो मी आयुष्यात एकदाच वापरला आणि त्याचा परिणाम आजही आमच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा 'हे काय आहे?' विचारतो, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

गोष्ट एकोणसत्तर सालची. मिशनच्या बंगल्यात एल्सा नावाच्या मडम राहायच्या. स्वीडनहून तरुणपणी आल्या, बत्तीस वर्षं साक्रीकडच्या खेड्यांत बाळंतपणं केली, मुलींना शिवण शिकवलं, आणि उतारवयात धुळ्याला येऊन राहिल्या. लुगडं नेसायच्या आणि अहिराणी अशी बोलायच्या की डोळे मिटून ऐकलं तर एखादी पाटलीण सालदाराला झापतेय असं वाटावं. सगळे त्यांना एल्साक्का म्हणायचे. त्यांच्याबरोबर दुसरीही एक स्वीडनची मडम असायची, ती सात वर्षांपूर्वी वारली. आता एल्साक्का कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या आणि बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं.

ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा माझी बायको यशोदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "त्यांचं शिवणाचं मशीन असेल तर बघा." एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

आता हे मशीन कोणतं, ते मला ठाऊक होतं. लग्नाआधी साक्रीला मामाकडे राहून ती दोन महिने एल्साक्कांच्या शिवणवर्गाला जायची. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, स्वीडनचं मशीन. तिसऱ्या महिन्यात आमचं लग्न ठरलं आणि वर्ग सुटला. चौदा वर्षांत तिनं माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. ती समाधानी आहे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ मी लावत आलो होतो. थांबलेला हात पाहिला आणि माझी खात्री जरा डगमगली. ठरवलं, काहीही होवो, मशीन आणायचंच.

पण आमच्या आळीत कोणी एकट्यानं काही ठरवू शकत नाही. शेजारचे तोताराम मास्तर, शाळेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या आळीलाच शिकवतात. त्यांचं म्हणणं पडलं की त्या मशीनवर आग्रा रोडवरच्या लखीचंद शेठचाही डोळा आहे, त्यांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर शिंपी बसवायचाय. शेठपुढे तुमचा टिकाव कसा लागणार? अहिराणीत तर सगळेच मागतील. तुम्ही मडमच्या मायबोलीत मागा. परमुलखात माणसाच्या कानावर मायबोली पडली की त्याच्या हातून वस्तू आपोआप सुटते. हे त्यांनी अनुभवानं सांगितलं की नुसतंच सांगितलं, हे विचारायची आमच्या आळीत पद्धत नाही.

मिशनच्या दवाखान्यात अभिमन नावाचा कंपाउंडर होता, माझा शाळेतला वर्गमित्र. त्याला पाचपंचवीस स्वीडिश शब्द येत होते. त्याने मला एका औषधाच्या पुडीवर वाक्य लिहून दिलं: याग विल श्योपा. मला विकत घ्यायचंय. यातलं 'याग विल' कोणीही म्हणेल. खरी मेख 'श्यो'मध्ये. अभिमन म्हणाला, ओठांचा चंबू करायचा आणि आतून 'ए' म्हणायचं. ओठ हलले तर शब्द बिघडला.

मी रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर चंबू करून उभा राहू लागलो. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या भिकुबाई लवंगेचं तेल घेऊन आल्या, दाढ दुखतेय तर अंगावर काढू नये म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या ओळखीचा दातांचा वैद्य आला. त्याला दाढ दुखत नाही हे पटवायला मला तोंड उघडावं लागलं, आणि उघडल्यावर त्याला खरंच एक किडलेली दाढ सापडली. ती त्याने काढली. त्यानंतर माझा 'श्यो' एकदम सुधारला, हे मात्र मान्य करायला हवं.

आणि शब्द जमला त्या दिवसापासून बर्फ सुरू झाला. चंबूतून तो सोडताना तोंडात गार वारा शिरल्यासारखं व्हायचं. अभिमननं सांगितलं होतं की त्या देशात सहा महिने सगळं पांढरं असतं, घरं लाकडाची असतात, आणि दुकानदार वस्तूवर भाव लिहून ठेवतो, गिऱ्हाईक तेवढे पैसे देतं, दोघंही घरी जातात. कचेरीत नकाशांच्या गठ्ठ्याला टेकून मी त्या दुकानात जायचो. दारातून आत शिरायचो, टोपीवरचा बर्फ झटकायचो आणि म्हणायचो, याग विल श्योपा. समोरचा मान डोलवायचा. कोणी कोणाला फसवत नव्हतं, कोणी उठून चालल्याचं नाटक करत नव्हतं. मला तिथून परत यावंसं वाटायचं नाही.

परत आणलं ते रेशनकार्डानं. बंगल्यावर नोटीस लागली: भाव चिठ्ठीवर लिहिलेला, घासाघीस नाही, आणि व्यापाऱ्यांनी सगळं उचलू नये म्हणून एका घराला एकच वस्तू, रेशनकार्ड दाखवून. वस्तू दिली की कार्डावर शिक्का. माझं नाव अजून साक्रीकडच्या आमच्या गावच्या कार्डावर होतं. पुरवठा शाखेतला कारकून म्हणाला की धुळ्याचं कार्ड हवं तर आधी साक्रीहून नाव कमी केल्याचा दाखला आणा. साक्रीचा कारकून म्हणाला, धुळ्याला नाव चढल्याशिवाय इथून कमी कसं करणार, मधल्या काळात तुम्ही जेवणार काय? त्याची काळजी खरी होती. शेवटी मी स्वतः सरकारी नोकर असल्याचं जरा ताठ होऊन सांगितलं. त्यावर त्यानं विचारलं, मग तुम्हाला नियम माहीत नाहीत का? दोन दिवस, चार चहा आणि एक ओळखीचा तलाठी लागला, पण दाखला मिळाला.

त्या निमित्तानं गावी गेलो आणि आबांना भेटलो. वना आबा, माझे वडील, जन्मभर बैलबाजारात वावरलेले. आपल्याकडे बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आबांची विद्या त्याच्या आधीची. मी मशीनची हकीकत सांगितली तर त्यांनी विडी विझवली आणि लहानपणापासून शंभरदा ऐकवलेलं पुन्हा ऐकवलं.

"भो, जे लेनं शे त्यानाकडे देखानं नही. बठ्ठा बजार तुन्हा डोयाकडे देखस."

म्हणजे जे घ्यायचं त्याच्याकडे बघायचं नाही, सगळा बाजार आपल्या डोळ्यांकडे बघत असतो. दुसऱ्याच, अगदी टाकाऊ बैलाची चौकशी करायची, त्याचे दात बघायचे, त्याच्यासाठी जीव टाकायचा. मग निघता निघता सहज विचारायचं, आणि हा कसा दिला? याच विद्येवर त्यांनी माझं लग्नही जमवलं. मुलगी बघायला अमळनेरला गेलो तेव्हा एसटीत मला बजावलं होतं, मुलीकडे बघू नको, पसंत आहे असं दिसलं की त्यांची मान ताठ होते. मी आज्ञाधारक. फराळाचं ताट घेऊन आलेल्या यशोदाकडे एकदा ओझरतं पाहिलं, पसंत पडली, आणि मग तासभर तिच्या चुलत बहिणीकडे, सुगंधाकडे, टक लावून बसलो. तिचं शिक्षण विचारलं. तिनं भरलेला रुमालही मागवून पाहिला. आबा परतताना खूश होते, म्हणाले, झकास केलंस.

विक्रीच्या दिवशी नवं कोरं रेशनकार्ड खिशात घालून मी बंगल्यावर गेलो. यशोदा येते म्हणाली होती. मी म्हटलं, तू कशाला, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. ती थांबली.

व्हरांड्यात सामान मांडलेलं. खुर्च्या, कंदील, दुधाच्या किटल्या, एक लाकडी कपाट, आणि कोपऱ्यात ते मशीन. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लगेच डोळे काढून घेतले. माझ्यामागे लखीचंद शेठ उभे होते आणि कपाटाच्या बिजागऱ्या इतक्या मन लावून तपासत होते की त्यांना मशीनच हवंय हे कोणालाही कळावं. मी मनात म्हटलं, शेठ, आम्हीही वना आबांचे चिरंजीव आहोत. मी सगळ्यात टाकाऊ वस्तू शोधू लागलो. ती भिंतीला टेकून उभी होती: दोन लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या फळ्या, मधे चामड्याचे पट्टे. काय आहे ते मला कळलं नाही, म्हणजे कोणालाच कळणार नाही. उत्तम.

मी फळ्यांवरून हात फिरवला, मान डोलावली, एल्साक्कांच्या समोर उभा राहिलो, चंबू केला आणि फळ्यांकडे बोट दाखवून म्हणालो, "याग विल श्योपा."

एल्साक्कांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळच्या पेटीवर बसल्या, फळ्या मांडीवर आडव्या घेतल्या आणि बोलायला लागल्या. त्यांच्या भाषेत. थांबेचनात. दुसरी मडम गेल्यापासूनचं, सात वर्षांचं साठलेलं होतं ते. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्या हात असा तिरका खाली न्यायच्या, हसायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या, आणि मला दिसत होतं: पांढरा डोंगर, त्यावरून सूं करत घसरत येणारी एक पोरगी, आणि खाली तिची वाट बघत उभा असलेला बाप. व्हरांड्यात त्रेचाळीस अंश होते. माझ्या हातावर काटा आला होता.

मग त्यांना भान आलं आणि त्या अहिराणीवर आल्या. बर्फावरून घसरायच्या फळ्या होत्या त्या. हिंदुस्थानात हिमालय आहे एवढंच त्यांच्या बापाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं निघताना बरोबर दिल्या. बत्तीस वर्षं त्या साक्री तालुक्यात खुंटीवर टांगलेल्या. त्या म्हणाल्या, "इतला वरीसमा ह्या कोन्हीच मांग्यात नहीत, भाऊ." आणि चिठ्ठीवर माझं नाव लिहू लागल्या.

इथे मला घाम फुटला. मी म्हटलं, अक्का, मी आपलं सहज, ते मशीन... एल्साक्कांनी मान वर केली. रागावून नव्हे, समजावून सांगितलं, की आमच्याकडे माणूस आधी मनाशी पक्कं करतो आणि मग हा शब्द तोंडातून काढतो. सहज म्हणून काढायला आमच्याकडे दुसरं काही नाही. तू तो काढलास म्हणून तर मला इतकं बरं वाटलं. त्यांचे डोळे अजून ओले होते. आता त्या बाईला मी काय सांगणार होतो, की तुझ्या बापाच्या फळ्या मी टाकाऊ बैल म्हणून निवडल्या? माझ्यानं झालं नाही. शिक्का पडला, चार रुपये दिले. माझी गत बघून शेठ शहाणे झाले, त्यांनी कपाट सोडलं आणि सरळ जाऊन मशीनवर हात ठेवला.

सात फुटी फळ्या खांद्यावर घेऊन मी आग्रा रोडनं निघालो. लोक बाजूला होऊ लागले. एकानं टोपी काढली. एक म्हातारे गृहस्थ शेजारी चालत हळूच म्हणाले, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, असं होतं, आधी खरं वाटत नाही. आळीपर्यंत माझ्यामागे सहा माणसं आली होती. तोताराम मास्तरांनी दारातूनच विचारलं की बांबू मिळाले नाहीत का? आणि आत भिकुबाईंनी माझ्या बायकोला धरून रडायला सुरुवात केली होती.

सगळे गेल्यावर यशोदानं फळ्यांकडे पाहिलं. म्हणाली, मशीन? मी म्हटलं, शेठनं नेलं. ती जाऊन भाकरी थापायला बसली. ओरडली असती तर मला परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्या फळ्या गच्चीवर विटांवर आडव्या ठेवल्या आणि त्यांवर फडकं पसरून कुरडया वाळत घातल्या. आळीनं पाहिलं, वाखाणलं. मास्तर म्हणाले, स्वीडनचे लोक कुरडयांच्या बाबतीत फार पुढे गेलेले दिसतात. पण घरात आठ दिवस कामापुरतंच बोलणं होतं. नकाशांच्या खोलीतला बर्फही बंद झाला.

नवव्या दिवशी दुपारी कुरडया उलटताना तिनं एकदम विचारलं. मशीन हवं होतं, तर मागितल्या फळ्या का?

मी आबांची विद्या सांगितली. जे घ्यायचं त्याच्याकडे बघायचं नाही. दुसऱ्याकडे बघायचं, जीव टाकून बघायचं. सांगताना मलाच ती इतकी वेडगळ वाटली की मी खाली मान घालून सांगत होतो. म्हणून उलटायची कुरडई तिच्या हातात तशीच राहिल्याचं मला उशिरा दिसलं.

"मग अमळनेरला तुम्ही तासभर सुगंधाकडे बघत होता ते?"

मी म्हटलं, आबांनी सांगितलं होतं.

"आणि तिचा रुमाल मागवला होता तो?"

मी मान डोलावली. तिनं हातातली कुरडई फडक्यावर ठेवली. मग म्हणाली, "चौदा वर्षं मला वाटतंय, तुम्हाला ती हवी होती आणि गळ्यात मी पडले. म्हणून मी कधी काही मागितलं नाही. नको असलेल्या माणसानं कशाला मागायचं?"

मला रडू आलं. भर उन्हात, गच्चीवर, कुरडयांसमोर, सरकारी नोकराला. चौदा वर्षं तिच्या समाधानाचं मी कौतुक करत होतो, आणि ती तिकडे ताटातली जास्तीची पोळीसुद्धा मागायची नाही, ती यामुळे. मी म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, चल.

लखीचंद शेठ गादीवर बसले होते. ओट्यावर मशीन होतं, शिंपी अजून यायचा होता. मी सरळ मशीनसमोर उभा राहिलो, त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि साध्या मराठीत म्हणालो, "शेठ, मला हे मशीन विकत घ्यायचंय. माझ्या बायकोला ते फार आवडतं."

शेठच्या हातातला पंखा थांबला. तीस वर्षांच्या धंद्यात असलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दुकानातल्या इतर मालाकडे, मला खरं काय हवंय ते शोधायला. मग उठून मशीन उघडून आत डोकावले. म्हणाले, सुकदेवराव, एवढं सरळ कोणी मागत नाही, या मशीनमध्ये काय आहे ते सांगा. मी म्हटलं, काही नाही. त्यानं त्यांचा संशय फारच वाढला. त्यांनी धनकुंवर शेठाणींना आतून बोलावलं, दोघांनी मारवाडीत मसलत केली, सुई काढून पाहिली, पायडल हलवून पाहिलं. शेवटी त्यांनी असा निष्कर्ष काढला की ज्या वस्तूला माणूस इतकं उघड मागतो ती घरात ठेवण्यात काहीतरी धोका आहे. घेतल्या भावावर पंचवीस रुपये चढवून त्यांनी ते मला देऊन टाकलं, आणि देताना सुटल्यासारखा श्वास सोडला. आबांना मी ते पंचवीस रुपये आजतागायत सांगितलेले नाहीत.

हातगाडीवर मशीन घालून आम्ही आग्रा रोडनं निघालो. यशोदा मशीनवर एक हात ठेवून गाडीच्या बाजूनं चालत होती. ऊन तसंच होतं, पण लळिंगवर पुन्हा बर्फ पडायला लागला होता. तो रस्त्यावर आला, हातगाडीवर आला, तिच्या केसांवर बसला. मी तिच्याकडे बघत चाललो. ओझरतं नाही, सरळ, भर बाजारात, चौदा वर्षांचं राहिलेलं सगळं.

तिनं दोनदा मान फिरवली. तिसऱ्यांदा हसू दाबत म्हणाली, "पुढे बघा, बैलगाडी येतेय."

मी बघितलं नाही.